देहाचा कारभार : मेंदू, मज्जारज्जू आणि मज्जातंतू
(मंडळाच्या आरोग्यविषयक भाषणमालेत दिलेले भाषण)



आपल्या भाषणमालेत रक्ताभिसरण झाले, पचन झाले, बाळंतपणाची काळजी झाली. राहिली मज्जासंस्था. विषय अवघड म्हणून कोणी हात वर करीना, तेव्हा चिटणीसबाईंनी तो माझ्या गळ्यात घातला. मी डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण आमच्या घरी सासूबाईंचे अर्धांगाचे आजारपण चार वर्षे चालले. त्या काळात डॉक्टरांना जे प्रश्न विचारले आणि पुढे पुतण्याच्या पुस्तकांतून जे समजून घेतले, तेच आज आपल्यापुढे मांडणार आहे. कोठे शंका आली तर शेवटी अवश्य विचारा.

हा विषय आपल्या कामाचा नाही असे कोणी म्हणेल. पण अर्धांगाचा झटका, फिट, हातापायांना येणारी बधिरता, सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेली सुई, जन्मजात व्यंग असलेले मूल, या सर्व गोष्टी आपल्याच घरांत घडतात, आणि पहिल्या अर्ध्या तासात काय करावयाचे हे बहुधा घरातल्या बाईलाच ठरवावे लागते. शरीराची रचना ठाऊक असेल तर तो निर्णय बरोबर होतो. म्हणून आधी रचना पाहू आणि जेथे जेथे ती आपल्या कामी येते तेथे थोडे थांबू.

मज्जासंस्थेचे मुख्य भाग दोन. पहिला मध्यवर्ती. त्यात कवटीतला मेंदू आणि पाठीच्या मणक्यांच्या पोकळीतून खाली उतरणारा मज्जारज्जू येतो. दुसरा भाग म्हणजे या दोहोंपासून निघून सर्व अंगभर पसरलेले मज्जातंतू, ज्यांना आपण नसा म्हणतो. मेंदूपासून मज्जातंतूंच्या १२ जोड्या निघतात. त्या डोळे, नाक, कान, जीभ, चेहरा, घसा यांचे काम पाहतात, आणि त्यांतली दहावी जोडी तर छातीतून थेट पोटापर्यंत जाते. मज्जारज्जूपासून ३१ जोड्या निघतात. मानेच्या ८, छातीच्या १२, कमरेच्या ५, त्याखालच्या त्रिकास्थीच्या ५ आणि माकडहाडाची १. प्रत्येक जोडीकडे अंगाचा ठराविक पट्टा वाटून दिलेला असतो. त्यामुळे कोठे बधिर वाटते हे नीट सांगितले की दोष कोणत्या मणक्यापाशी आहे याचा अंदाज डॉक्टर बांधू शकतात.

आता या नसा कशाच्या बनलेल्या असतात ते पाहू. आपले सर्व शरीर पेशींचे आहे. मज्जासंस्थेच्या पेशींना मज्जापेशी म्हणतात. एका मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी असतात. मज्जापेशीचा आकार इतर पेशींसारखा वाटोळा नसतो. तिच्या एका अंगाला झाडाच्या फांद्यांसारखे अनेक फाटे असतात, ते निरोप घेतात. दुसऱ्या अंगाला एक लांब तंतू असतो, तो निरोप पुढे पोचवितो. हा तंतू किती लांब असावा? कमरेपाशी असलेल्या पेशीचा तंतू पायाच्या बोटापर्यंत जातो, म्हणजे जवळजवळ एक मीटर! पेशी मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

हे सर्व प्रथम दिसले कसे, तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. इटलीतील कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ साली चांदीच्या क्षाराने पेशी रंगविण्याची युक्ती काढली. तिच्यामुळे थोड्याच पेशी काळ्या होतात आणि त्यांचे फाटे स्वच्छ दिसतात. गॉल्जींचे मत असे की सर्व तंतू एकमेकांत गुंतून एक अखंड जाळे झालेले आहे. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी त्याच युक्तीने वर्षानुवर्षे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून चित्रे काढली आणि सांगितले की जाळे अखंड नाही, प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. १९०६ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्या समारंभाच्या भाषणांतही दोघे आपापल्या मतावर ठाम होते. पुढे काहाल यांचेच म्हणणे खरे ठरले. दोन पेशींच्या मध्ये अतिशय बारीक फट असते. तंतूतून निरोप विजेच्या रूपाने येतो, फटीपाशी त्याचे रसायन होते, आणि ते रसायन पलीकडच्या पेशीला जागे करते. झोपेच्या, फिटच्या आणि मनाच्या आजाराच्या कितीतरी औषधांचे काम याच फटीत चालते.

पूर्वीच्या पुस्तकांत मज्जासंस्थेला तारखात्याची उपमा देत असत. आपल्याकडचे तारखाते २०१३ साली बंद झाले, पण उपमा समजण्यासारखी आहे. फरक एवढाच की तारेतून सर्व निरोप एकाच वेगाने जात, मज्जातंतूंचे तसे नाही. ज्या तंतूंवर चरबीचे जाड वेष्टन असते त्यांतून निरोप सेकंदाला १२० मीटरपर्यंत धावतो. ज्यांच्यावर वेष्टन नाही त्यांतून तो सेकंदाला जेमतेम एक मीटर चालतो. पाटाला पायाचे बोट ठेचकाळले की आधी 'लागले' एवढे कळते आणि क्षणभराने कळ येते, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. त्याचे कारण हेच. स्पर्शाचा निरोप जलद वाटेने येतो आणि ठणक्याचा सावकाश वाटेने.

आता मेंदूकडे वळू. मोठ्या माणसाचा मेंदू १३०० ते १४०० ग्रॅम भरतो, म्हणजे अंगाच्या वजनाच्या साधारण दोन टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. त्याच्यापाशी साठा मुळीच नसतो. म्हणून रक्त थांबले की काही मिनिटांत त्याच्या पेशी मरू लागतात. मेंदूभोवती तीन आवरणे असतात. बाहेरचे चिवट, मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे आणि आतले अगदी नाजूक. आतल्या दोन आवरणांमध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. तो एकूण दीडशे मिलीलिटर असतो आणि दिवसाकाठी सुमारे अर्धा लिटर नवा तयार होऊन जुना शोषला जातो. मेंदू या द्रवात तरंगत राहिल्यामुळे त्याचा भार तळाशी जेमतेम ५० ग्रॅम इतकाच पडतो. या आवरणांना सूज आली की त्याला मेंदूज्वर म्हणतात. ताप, मान ताठणे, उजेड न सोसणे ही लक्षणे एकत्र दिसली तर घरगुती काढे करीत न बसता दवाखाना गाठावा.

मेंदूचे तीन भाग. वर मोठा मेंदू, मागे खाली लहान मेंदू, आणि मध्ये देठासारखा मेंदूचा देठ. त्या देठाचा शेवटचा भाग म्हणजे लंबमज्जा. श्वास आणि हृदयाचे ठोके यांची व्यवस्था लंबमज्जेत असते. मानेच्या वरच्या भागाला मोठी इजा झाली तर प्राणावर बेतते ते यामुळे. लहान मेंदू हा तोल आणि हालचालींचा सुबकपणा सांभाळतो. तो वजनाने सबंध मेंदूच्या दहाव्या हिश्शाएवढा, पण एकूण मज्जापेशींपैकी पाचांतल्या चार त्याच्यातच असतात. आपण भाकरी थापताना पीठ कोठे जाड आहे हे न बघता हात फिरवतो, सुईत दोरा ओवतो, भरलेली घागर घेऊन पायऱ्या चढतो, ही सर्व कामे एकदा अंगवळणी पडली की लहान मेंदूच्या भरवशावर होतात.

मोठा मेंदू अक्रोडाच्या गरासारखा सुरकुतलेला असतो. त्याचे उजवा आणि डावा असे दोन अर्ध असतात. प्रत्येक अर्धात चार खंड. कपाळामागचा खंड विचार, निर्णय आणि हालचालींचा हुकूम यांसाठी, माथ्याचा स्पर्शासाठी, कानाजवळचा ऐकणे आणि आठवण यांसाठी, आणि पाठीमागचा दृष्टीसाठी. डोळे पुढे, पण पाहण्याचे काम मागे! डोक्याच्या मागच्या भागाला जबर मार लागला तर डोळे शाबूत असूनही दिसेनासे होऊ शकते.

येथे एक मोठी गंमत आहे. मोठ्या मेंदूतून निघालेले हालचालीचे बहुतेक तंतू लंबमज्जेत बाजू बदलतात. उजव्या अर्धाचे तंतू डाव्या अंगाला जातात आणि डाव्याचे उजव्या अंगाला. म्हणून डावा हात-पाय लुळा पडला की दोष उजव्या मेंदूत आहे असे समजावे. बोलण्याची जागा मात्र बहुतेक माणसांत डाव्या अर्धातच असते. हे प्रथम पॅरिसमधील पॉल ब्रोका या शल्यवैद्यांनी १८६१ साली दाखवून दिले. त्यांच्या एका रोग्याला सांगितलेले सगळे समजे, पण तोंडातून 'तां' याखेरीज शब्द निघत नसे. तो वारल्यावर त्यांनी मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूला कपाळामागच्या खंडात दोष आढळला.

माझ्या सासूबाईंचे नेमके असेच झाले होते. त्यांचे उजवे अंग गेले आणि बोलणेही गेले. पाणी हवे असले तरी 'पाणी' हा शब्द त्यांना सापडत नसे. भलताच शब्द निघे आणि मग त्या रडत. येणारीजाणारी मंडळी त्यांच्यासमोरच म्हणत, "म्हातारीचे डोके गेले हो." आणि त्यांना ते सगळे कळे! संध्याकाळी घरात हरिपाठ सुरू झाला की मात्र त्या आमच्याबरोबर ओळीच्या ओळी स्वच्छ म्हणत. लोकांना वाटे देवाची कृपा, कोणी म्हणे ढोंग करतात. डॉक्टरांनी समजावून सांगितले की नवे वाक्य जुळविण्याची जागा निकामी झाली आहे, पण लहानपणापासून सुरात घोळलेले पाठांतर मेंदूच्या दुसऱ्या वाटांनी येते. पुढे आम्ही एका पुठ्ठ्यावर तांब्या, ताट, पांघरूण, खिडकी अशी चित्रे काढून ठेवली. त्या बोट ठेवीत. ज्यांच्या घरी असे माणूस असेल त्यांनी एवढे अवश्य करावे, आणि त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलताना तो सर्व ऐकतो आहे हे धरूनच बोलावे.

आता अर्धांगाविषयी सर्वांत महत्त्वाचे. पूर्वी लोक वारे अंगावरून गेले म्हणत. वाऱ्याचा यात काही संबंध नाही. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा रक्तवाहिनी फुटते. मोठ्या वाहिनीत गुठळी अडकली असता दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन निघाले आहे, पण ते झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितका गुण अधिक. ते देण्यापूर्वी सी.टी. स्कॅन काढून गुठळी आहे की रक्तस्राव, हे पाहावे लागते. रक्तस्राव असेल तर तेच औषध घातक ठरते.

म्हणून तीन गोष्टी पाठ करून ठेवा. माणसाला हसावयास सांगा, तोंड एका बाजूला वाकडे होते का पाहा. दोन्ही हात समोर उचलावयास सांगा, एक हात खाली घसरतो का पाहा. एखादे सोपे वाक्य म्हणावयास सांगा, जीभ अडखळते का पाहा. यांपैकी एक जरी एकाएकी दिसले तरी घड्याळात वेळ पाहून ठेवा, १०८ ला फोन करा आणि सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. वेळ का पाहावयाची? डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, "शेवटचे धडधाकट केव्हा पाहिले?" तोंडात पाणी, चहा, मध, काही घालू नका. गिळण्याचे स्नायू निकामी झालेले असले तर ते फुप्फुसात जाते. रक्त पातळ करणारी गोळीही घरी देऊ नका. मालिश, धुरी, अंगारा यांत पहिले तास घालवू नका. आणि अर्ध्या तासात आपोआप बरे वाटले तरी घरी थांबू नका, कारण तो बहुधा पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असतो. रक्तदाब तपासून घेणे आणि चालू असलेली गोळी मनाने बंद न करणे, ही झटका टाळण्याची मोठी युक्ती आहे. आपण बायका घरातल्या सर्वांच्या गोळ्या वेळेवर देतो आणि आपली मात्र 'आज बरे वाटते आहे' म्हणून सोडून देतो. तसे करू नये.

दुसरी गोष्ट फिटची. हिला आकडी, फेफरे असेही म्हणतात. मोठ्या मेंदूच्या पेशी एरवी आपापल्या वेळी काम करतात. फिट येते तेव्हा त्यांचा एक मोठा घोळका एकाच वेळी विजेचे निरोप सोडू लागतो, म्हणून अंगाला झटके बसतात आणि शुद्ध जाते. जोर ओसरला की फिट आपोआप थांबते. तोवर कोणीतरी कांदा किंवा वहाण हुंगविलेली असते आणि श्रेय तिला मिळते! ही हुंगविण्याची पद्धत आपण सोडून द्यावी. माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याभोवतीचे सैल करावे, चूल आणि धारदार वस्तू दूर कराव्या. दातांत चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नये. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, लागोपाठ दुसरी आली, किंवा बाई गरोदर असली, तर तात्काळ रुग्णालयात न्यावे. गरोदरपणी रक्तदाब वाढून येणारी फिट आई व मूल दोघांच्या जिवावर बेतते.

फिट येणाऱ्या शंभरांपैकी सुमारे सत्तर जणांच्या फिट योग्य औषधांनी पूर्ण थांबू शकतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही लग्नाच्या वेळी मुलीची फिट लपवितात, लग्नानंतर कोणाला कळू नये म्हणून गोळ्या बंद होतात, आणि मग फिट पुन्हा सुरू होतात. आपल्या हिंदू विवाह कायद्यात वारंवार फिट येणे हे विवाहाला बाध आणणारे कारण म्हणून लिहिलेले होते, ते संसदेने १९९९ साली काढून टाकले. कायद्याने जे सोडले ते आपण धरून बसू नये. बैठकीतच मोकळेपणाने सांगावे, आणि औषध चालू ठेवावे.

आता मज्जारज्जू. हा करंगळीएवढा जाड असून बाईमाणसात साधारण ४२-४३ सेंटिमीटर लांब असतो. पाठीचा कणा त्याहून बराच लांब असतो. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नुसता नसांचा झुबका लोंबत असतो. सिझेरियनच्या वेळी पाठीत सुई देतात ती तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या आसपास, म्हणजे मज्जारज्जू संपल्यानंतर खाली. तेथे नसा द्रवात सुट्या तरंगत असल्यामुळे सुईपुढून बाजूला सरकतात. "सुईने कणा अधू होतो" ही भीती मनातून काढून टाका. काहींना दोनतीन दिवस डोके दुखते, ते डॉक्टरांना सांगावे, त्यावर उपाय आहेत.

मज्जारज्जू हा केवळ निरोप्या नव्हे, काही निर्णय तो स्वतःच घेतो. तापल्या तव्याला बोट लागले की हात मागे येतो आणि मग 'भाजले' असे कळते. कारण निरोप मज्जारज्जूत पोचताक्षणी तेथूनच स्नायूंना हुकूम सुटतो. मेंदूला बातमी मागाहून जाते. डॉक्टर गुडघ्याखाली लहान हातोडीने ठोकून पाय उडतो का पाहतात, ती याच वाटेची परीक्षा. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील हालचालीच्या पेशी मारतो, म्हणून त्या मुलांचा पाय लुळा पडे पण त्या पायाला स्पर्श कळे. आपल्या देशात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. बाळांना थेंब पाजण्यासाठी घरोघर हिंडलेल्या आपल्यासारख्या बायकांचा त्यात वाटा मोठा आहे.

अंगभर पसरलेल्या मज्जातंतूंत दोन प्रकारचे तंतू बहुधा एकत्र असतात. काही बाहेरची खबर आत नेतात, काही आतला हुकूम स्नायूंना पोचवितात. कोपराला आतल्या बाजूने धक्का लागला की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, ती तेथे कातडीच्या अगदी खाली असलेली नस. रात्री अंगठा आणि शेजारची बोटे बधिर होऊन जाग येत असेल तर मनगटातील नस दाबली जात असण्याचा संभव असतो. हा त्रास बायकांना अधिक होतो. कमरेपासून पायात कळ जाते ती सायटिकाची नस, शरीरातील सर्वांत जाड.

दुखणे आपण सांगतो, पण न दुखणे कोणी सांगत नाही, आणि धोका तेथेच असतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असून त्यावर स्पर्श किंवा चटका कळत नसेल तर ते कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. त्याचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. तो पापाने होत नाही. जंतू मज्जातंतूंत शिरतो आणि ते बधिर करतो. बोटे झडतात असे लोक म्हणतात, पण मुळात बधिर हाताला चुलीवर भाजते, जखम होते, कळत नाही म्हणून ती चिघळते आणि बोटे अधू होतात. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले तेव्हा रोग्यांना घराबाहेर काढीत. आता सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते आणि सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. लवकर गेले तर व्यंग येतच नाही. तसेच मधुमेहाचे. त्यात सर्वांत लांब नसा आधी बिघडतात, म्हणून बधिरता पायांपासून सुरू होते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी रोज रात्री तळपाय बघावेत, वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून बघावेत, आणि अनवाणी चालू नये.

काही कारभार आपल्या इच्छेवाचून चालतो. हृदय, आतडी, घाम, डोळ्यांची बाहुली यांचे काम स्वायत्त मज्जासंस्था पाहते. तिच्या दोन शाखा आहेत. एक संकटासाठी अंगाला सज्ज करते, ठोके वाढविते, तोंडाला कोरड पाडते. दुसरी शांतवेळी पचन आणि विश्रांती सांभाळते. जेवायच्या वेळी घरात भांडण झाले की घास उतरत नाही, त्याला हे शरीरशास्त्रीय कारण आहे. सुना-मुलांना सुखाने जेवू द्यावे, एवढेच मी त्यावर सांगते.

शेवटची गोष्ट लेकीसुनांसाठी, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. ही सबंध संस्था गर्भात तयार होते कशी? तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर एक पातळ पट्टी तयार होते. ती दोन्ही काठांनी वर उचलली जाऊन, करंजीच्या कडा जुळवाव्या तशी जुळते आणि तिची नळी होते. नळीच्या वरच्या टोकाचा पुढे मेंदू होतो आणि बाकीच्या भागाचा मज्जारज्जू. गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत ही नळी मिटावी लागते. ती खाली उघडी राहिली तर मुलाच्या पाठीवर गाठ येते आणि पाय अधू होऊ शकतात. वर उघडी राहिली तर मूल जगत नाही. २८ दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे! कितीतरी जणींना तोवर दिवस गेल्याची शंकाही आलेली नसते. म्हणून दिवस गेल्यावर गोळ्या सुरू करून या बाबतीत उशीर झालेला असतो.

यावर उपाय स्वस्त आहे. फॉलिक ॲसिड नावाचे जीवनसत्त्व. ज्यांना आधी असे मूल झाले होते अशा स्त्रियांवर केलेल्या मोठ्या परीक्षेचा निकाल १९९१ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. गर्भ राहण्यापूर्वीपासून ही गोळी घेतल्याने पुन्हा तसे होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला. पालेभाज्यांत ते असते, पण पुष्कळसे शिजविताना जाते. म्हणून मूल व्हावे असा विचार असेल त्या प्रत्येकीने निदान महिना-दोन महिने आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी. आधीचे मूल तसे झाले असेल किंवा फिटची औषधे चालू असतील तर मात्रा जास्त लागते, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. आणि असे मूल झाले म्हणजे सुनेने ग्रहण पाळले नाही, चाकू हाती धरला, असा दोष तिला देऊ नये. नळी मिटली तेव्हा बिचारीला आपल्याला दिवस गेले आहेत हेही ठाऊक नव्हते.

अध्यक्षीणबाईंना माझी एक विनंती आहे. अर्धांगाची तीन लक्षणे, फिटच्या वेळी काय करावे, आणि फॉलिक ॲसिडची गोळी केव्हा घ्यावी, एवढे मोठ्या अक्षरांत लिहून मंडळाच्या दारातील फळ्यावर कायम ठेवावे. हळदीकुंकवाला दीडदोनशे बायका येतात, त्यांच्या नजरेखालून ते जाईल. वाण म्हणून प्लास्टिकचा डबा देण्याऐवजी एखाद्या वर्षी याच मजकुराचे कार्ड द्यावे, असेही मी सुचविते.